दोन दिशांचे पान : हिब्रू अक्षरांचे मराठी मुद्रण

मराठी मुद्रणाच्या इतिहासात मोडी आणि बाळबोध यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र याच इतिहासात आणखी एका लिपीला स्थान आहे, आणि ती उजवीकडून डावीकडे वाचली जाते. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा विधिग्रंथ, हग्गादा, मूळ हिब्रू संहिता आणि मराठी भाषांतर यांसह शिळाप्रेसवर छापला गेला. त्याचा वाचक होता कोकणातला बेने इस्रायल समाज.

या समाजाची घरची भाषा मराठी. कुलाबा जिल्ह्यातील गावांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, दिवेकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आलेली. सामुएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत सभास्थान उभारले. परंतु त्यापूर्वी शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढ्याच आधारावर समाजाने आपला धर्म टिकवला होता, अशी परंपरा सांगते. हिब्रू ही श्रद्धेची भाषा होती, पण वाचनाची नव्हती. ती शिकण्याची वाट मराठीतूनच जात होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले, ते याच गरजेतून.

दोन लिपी एका पानावर आणणे हे केवळ भाषांतराचे काम नव्हे. देवनागरीचे अक्षर शिरोरेषेला लोंबते. तोराची गुंडाळी लिहिणारा लेखनिकही आधी रेषा आखून घेतो आणि अक्षरे तिच्याखाली लोंबती लिहितो. लामेद हे एक अक्षर तेवढे रेषेच्या वर डोके काढते. हिब्रूत मूळ अक्षरे बावीस, त्यांपैकी पाचांना शब्दाच्या अंती वेगळे रूप मिळते. स्वरचिन्हे बहुतेक अक्षराखाली, एखादे वर. मराठीचे उकार खाली, मात्रा व अनुस्वार वर. म्हणजे दोन्ही लिपींची ओळ वर-खाली जागा मागते. भेद आहे तो दिशेचा. मूळ आणि भाषांतर यांत कोण कोणत्या बाजूला राहावे, पुस्तक कोणीकडून उघडावे, या प्रश्नांचे उत्तर अशा ग्रंथाच्या प्रत्येक कर्त्याला द्यावे लागते.

शिशाच्या खिळ्यांनी हे साधणे खर्चाचे होते. स्वरचिन्हांसह हिब्रू खिळे मिळवावे लागत, आणि ते उलट दिशेने जुळवणारा जाणकार हात हवा असे. लहान समाजाला हा भार पेलणे कठीण. शिळाप्रेसने ही अडचण दूर केली. विशिष्ट शाईने हाताने लिहिलेले पान दगडावर उतरवले की दगडाला लिपीचा भेद उरत नाही. ज्या तंत्राने मोडीचे वळण छापता आले, त्याच तंत्राने हिब्रूचेही वळण छापता आले. मात्र मुद्रणाचा भार खिळे जुळवणाऱ्यावरून लेखनिकावर आला. अक्षराची शुद्धता त्याच्या हातावर अवलंबून राहिली.

१८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून दुसरा हग्गादा निघाला. मोझेस जेकब तळकर आणि आरन डेव्हिड तळकर यांनी तो सिद्ध केला होता. त्याच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. मिसरमधून सुटकेची कथा या पानावर मराठी घरात येऊन पोहोचली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून या ग्रंथाची यथामूल प्रत प्रसिद्ध झाली. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी पुढे प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करून हेच कार्य वाढवले.

हिब्रू अक्षररचनेचा आधुनिक इतिहास सामान्यतः युरोप आणि इस्रायल यांच्या संदर्भात सांगितला जातो. राफाएल फ्रांक यांनी लाइपझिगमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेले फ्रांक-र्‍यूल वळण पुस्तकांचे प्रमाण वळण ठरले. एलियाहू कोरेन यांनी स्वतः रेखलेल्या अक्षरांत १९६२ मध्ये जेरुसलेम येथे बायबल छापले. एकाच पाटीवर हिब्रू, अरबी आणि रोमन यांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या रचनाकारांपुढचा प्रश्न आहे. लिरोन लावी तुर्केनिच यांनी तर अरबी अक्षराचा वरचा आणि हिब्रूचा खालचा अर्धा भाग जोडून ‘अराव्रित’ ही संयुक्त अक्षरमाला रचली आहे. भिन्न लिपींना एका जागी समान मानाने नांदवण्याचा हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकातच हाताळला होता.

१९४८ नंतर बेने इस्रायल समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि पानावरील भाषांचे नाते उलटे झाले. एकेकाळी हिब्रूला मराठीचा आधार लागत असे. तेथे हिब्रू रोजच्या व्यवहाराची भाषा झाली आणि जतन करावी लागली ती मराठी. तिच्यासाठीच इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. जुन्या हग्गादांचा नातू-पणतू वाचक आता हिब्रू बाजू सहज वाचतो आणि देवनागरी बाजूशी अडखळतो. म्हणून हे ग्रंथ केवळ हिब्रू धर्मग्रंथ म्हणून नोंदवणे अपुरे आहे. त्यांची दुसरी बाजू मराठी वाङ्मयाचा भाग आहे, आणि तिची नोंद मराठीच्या सूचीतही असणे अगत्याचे आहे.