माशाच्या तेलाची परीक्षा

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापुरात माशाचे तेल मासळीबाजारातून नव्हे, तर औषधांच्या दुकानातून घरोघर आले. अशक्त मुलाचे नाक दाबून त्यास चमचाभर तेल पाजणारी माता बाटलीवरील चिठ्ठीवरच विसंबून असे. हा विश्वास कितपत सार्थ होता?

पहिला प्रश्न शुद्धतेचा होता. १९३० साली नेमलेल्या चोप्रा समितीने देशातील औषधांच्या व्यापाराची चौकशी केली. पुढे १९४० साली औषधांचा कायदा झाला. त्याच वर्षी नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला व तेथून येणारे कॉड माशाचे तेल दुर्मिळ झाले. तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या यकृतापासून तेल काढण्याचा उद्योग वाढीस लागला. तेलात ‘अ’ जीवनसत्त्व किती, हीच त्या काळची मुख्य कसोटी होय.

परंतु १९२७ सालीच मुलर या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी माशीच्या आनुवंशिक गुणांत पालट घडवून दाखविला होता. पुढे रासायनिक द्रव्येही तसेच करू शकतात, हे कळून आले. अशी द्रव्ये ओळखावी कशी? १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत ब्रूस एम्स यांनी सोपी युक्ती काढली. हिस्टिडीन हे पोषक द्रव्य स्वतः बनवू न शकणारे जंतू घ्यावयाचे व त्यांत संशयित पदार्थ मिसळावयाचा. त्या जंतूंच्या जनुकांत पालट होऊन ती शक्ती परत आली, तर त्यांच्या वसाहती वाढतात, त्या मोजावयाच्या. यकृताचा अर्कही सोबत घालतात. कारण कित्येक पदार्थ शरीरात गेल्यावरच घातक बनतात. याखेरीज प्राण्यांच्या पेशींतील गुणसूत्रे तुटतात काय, हेही पाहिले जाते.

माशाच्या तेलास ही कसोटी विशेष अगत्याची आहे. त्यातील स्निग्धाम्ले हवा, उष्णता व उजेड यांनी लवकर खवट होतात आणि त्यांपासून मॅलोनडायअल्डिहाइड निपजते. या द्रव्याने जंतूंच्या जनुकांत पालट होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. अर्थात ते अल्प प्रमाणात आपल्या शरीरातही तयार होते. म्हणून त्याच्या लेशमात्र अस्तित्वाने घाबरून जाण्याचे कारण नाही. या तेलातील प्रमुख स्निग्धाम्ले पूरक म्हणून प्रौढांनी दररोज ५ ग्रॅमपर्यंत घेतल्यास चिंता नाही, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली सांगितले.

तथापि प्रयोगशाळेचा निर्वाळा तपासलेल्या तेलापुरताच असतो. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. तेथे उन्हाच्या खिडकीत उघडी राहिलेली बाटली पुन्हा कोणी तपासीत नाही. तिची शेवटची परीक्षा घरच्या माणसांकडेच उरते.