हस्तपकड-बल मापन

मूठ आवळताना हात जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, हे उपकरणाने मोजण्याची पद्धत. हे बल व्यवहारात किलोग्रॅममध्ये नोंदवतात; १ किलोग्रॅम-बल म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. हाताच्या दुखापती, मज्जातंतूंचे विकार, संधिवात, कुपोषण आणि वार्धक्यातील स्नायुक्षय यांच्या तपासणीत या मापाचा उपयोग होतो. निरोगी प्रौढाची पकड किती असावी, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. वय, लिंग, उंची, कामधंदा, लोकसमूह आणि मोजण्याची रीत पाहूनच ते ठरते. त्यामुळे बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावात घेतलेले माप परदेशी तक्त्याशी थेट ताडून माणसाला अशक्त ठरवणे अशास्त्रीय आहे.

शरीररचना : मूठ आवळण्याचा बराचसा जोर कोपर ते मनगट या भागातील स्नायूंतून येतो. बोटे मिटवणारे हे स्नायू कंडरांच्या द्वारे मनगटावरून बोटांच्या हाडांपर्यंत पोहोचतात. तळहातातील लहान स्नायू आणि अंगठ्याचे स्नायू त्यांना साथ देतात. मनगट मागे ताणून धरणारे स्नायूही तितकेच महत्त्वाचे आहेत, कारण ते मनगट स्थिर ठेवतात. मनगट तळव्याच्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहावी, फारसा जोर लागत नाही. बोटे मिटवणारे स्नायू त्या स्थितीत आधीच आखूड झालेले असतात व त्यांना पुरेसे आकुंचन पावता येत नाही. मोजताना मनगटाची स्थिती ठरवून द्यावी लागते ती यासाठीच.

इतिहास : फ्रान्समधील एद्म रेन्ये यांनी १७९८ मध्ये हाताची व पाठीची ताकद मोजणारे स्प्रिंगचे उपकरण प्रसिद्ध केले. १८०० साली निघालेल्या बोदँ यांच्या सागरी मोहिमेत फ्रांस्वा पेराँ यांनी ते बरोबर नेले. टास्मानिया, ऑस्ट्रेलिया व तिमोर येथील लोकांची मापे त्यांनी फ्रेंच व इंग्रज माणसांच्या मापांशी ताडली आणि तेथील लोक दुर्बल असल्याचा निष्कर्ष काढला. आहार, परिस्थिती आणि उपकरणाची ओळख यांतील फरक लक्षात न घेता काढलेला हा निष्कर्ष म्हणजे पकडीच्या आकड्याचा इतिहासातील एक मोठा गैरवापर होय. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी हजारो प्रेक्षकांची पकड मोजली. १९५४ मध्ये चार्ल्स बेक्टॉल यांनी मूठ मागेपुढे सरकवता येणाऱ्या डायनॅमोमीटरची (बलमापक उपकरणाची) माहिती प्रसिद्ध केली. ‘जमार’ नावाने ओळखले जाणारे हे द्रवदाबाचे उपकरण पुढे प्रमाण मानले गेले.

उपकरणे : जमार उपकरणाच्या मुठीला ५ खाचा असतात व तबकडीवर ९० किग्रॅ.पर्यंतचे माप दिसते. बहुतेक प्रौढांसाठी दुसरी खाच वापरतात. मूठ फार रुंद किंवा फार अरुंद ठेवली, तर त्याच माणसाचे माप कमी भरते. ‘स्मेडली’ हे स्प्रिंगवर चालणारे, हलके उपकरण घरोघर जाऊन करायच्या पाहण्यांत वापरले जाते. दोन उपकरणांची मापे नेहमीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून कोणते उपकरण वापरले, याची नोंद मापाबरोबर करतात. काटा शून्यावर आहे ना आणि ज्ञात वजन टांगल्यावर माप बरोबर येते ना, हे वेळोवेळी तपासावे लागते.

मोजण्याची रीत : अमेरिकेतील हस्तोपचारकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेली बैठक आज बऱ्याच ठिकाणी प्रचलित आहे. पाय जमिनीवर टेकवून खुर्चीत बसवतात. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, पुढचा हात अंगठा वर राहील असा आणि मनगट सरळ किंवा किंचित मागे झुकलेले ठेवतात. अलीकडच्या तीन महिन्यांत हाताला दुखापत, सूज किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, हे आधी विचारतात व असल्यास त्या हाताचे माप टाळतात. उपकरण कसे धरायचे ते करून दाखवतात. मग ‘दाबा, आणखी दाबा’ असे प्रत्येकाला सारख्याच शब्दांत व सारख्याच आवाजात सांगून ३ ते ५ सेकंद पूर्ण जोर लावायला लावतात. श्वास कोंडू नये, अशी सूचना देतात. दोन प्रयत्नांमध्ये विश्रांती देऊन प्रत्येक हाताची सहसा तीन मापे घेतात. त्यांपैकी सर्वांत मोठे माप धरले की तिन्हींची सरासरी काढली, हे लिहून ठेवणे आवश्यक असते. उजखोऱ्या माणसाचा उजवा हात साधारण १० टक्क्यांनी बळकट असतो, असे ढोबळमानाने मानतात; डावखुऱ्यांत दोन्ही हात बरेचदा सारखे भरतात.

सामान्य मूल्ये : अमेरिकेत मॅथिओवेट्झ व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ३१० पुरुष व ३२८ स्त्रियांची मापे प्रसिद्ध केली. तिशीच्या सुरुवातीस उजव्या हाताची सरासरी पुरुषांत सुमारे ५५ आणि स्त्रियांत सुमारे ३६ किग्रॅ. होती. पंचाहत्तरीनंतर ती अनुक्रमे ३० व १९ किग्रॅ.पर्यंत उतरली. ब्रिटनमधील १२ अभ्यासांची सामग्री एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला ऐन भरातील मध्यांक पुरुषांत ५१ व स्त्रियांत ३१ किग्रॅ. आला. स्नायुक्षयाच्या निदानासाठी युरोपीय तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २७ व स्त्रियांसाठी १६ किग्रॅ., तर आशियाई गटाने त्याच वर्षी अनुक्रमे २८ व १८ किग्रॅ. ही किमान मर्यादा धरली. आशियाई मर्यादेमागील सामग्री प्रामुख्याने पूर्व आशियातील आहे.

‘प्युअर’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांची पकड मोजण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पकड ५ किग्रॅ.ने कमी असल्यास मृत्यूचा धोका सरासरी १६ टक्क्यांनी अधिक आढळला. पकड वाढवली की आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही. पकड हा एकूण प्रकृतीचा निर्देशक आहे. याच अभ्यासाच्या पुढील विश्लेषणात युरोप व उत्तर अमेरिकेतील निरोगी प्रौढांची मापे सर्वाधिक, तर दक्षिण आशिया, आग्नेय आशिया व आफ्रिका येथील सर्वांत कमी आढळली.

भारत व महाराष्ट्र : जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्व व प्रौढ आरोग्यविषयक पाहणीसाठी (सेज) निवडलेल्या सहा भारतीय राज्यांत महाराष्ट्र होता; त्या पाहणीत पकडीचे माप घेतले गेले. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ ही देशव्यापी पाहणी केली. २०१७-१८ मधील तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,२५० जणांचा समावेश होता. पकड स्मेडली उपकरणाने मोजली गेली. पंचेचाळिशीच्या आतले लोक तिच्यात केवळ जोडीदार म्हणून आले, त्यामुळे तरुण प्रौढांचा तक्ता तिच्यावरून बांधता येत नाही.

दक्षिण आशियातील कमी मापांमागे जन्मापूर्वीचे पोषणही असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ., तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किग्रॅ. होते. पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली आढळली. जन्मवजन कमी असलेल्यांची मोठेपणीची पकड कमी भरते, हे इंग्लंडमधील अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे कमी आकड्याला त्या माणसाचा आळस किंवा दोष समजणे अन्यायाचे ठरते.

कन्हेरी परिसरातील मापन : बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस, घरोघरचा दूधधंदा, उजनीच्या पाण्यावरची मासेमारी आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील कामे शेजारीशेजारी नांदतात. येथील तक्ता करायचा झाल्यास रुग्णालयात आलेल्यांवर विसंबून चालणार नाही. स्त्रिया व पुरुष, दर दहा वर्षांचा वयोगट आणि प्रत्येक कामधंदा यांतून माणसे निवडावी लागतील. सकाळ-संध्याकाळ हाताने धार काढणारी बाई आणि यंत्रावर बसून काम करणारा कामगार यांना एका सरासरीत मिसळले, तर दोघांविषयीची माहिती हरवते. गळीत हंगामात फडात दिसणारे बरेच ऊसतोड मजूर बीड, अहिल्यानगर भागांतून आलेले असतात. त्यांची नोंद वेगळ्या गटात करावी. दिवसभर कोयता चालवल्यावर स्नायू थकलेले असतात, म्हणून मापे सकाळी कामाआधी घेणे योग्य.

समजा, गावातील ५० वर्षांच्या शेतकरी स्त्रीची पकड २२ किग्रॅ. भरली. ब्रिटिश स्त्रीच्या ऐन भरातील ३१ किग्रॅ.शी ताडल्यास ती दुबळी वाटेल. २०१९ च्या आशियाई मर्यादेपेक्षा मात्र ती ४ किग्रॅ.ने वर आहे. तिच्याच वयाच्या, उंचीच्या व कामाच्या स्थानिक स्त्रियांचा तक्ता हाती असेल, तरच तिच्या पकडीचा खरा अर्थ लागेल. तोपर्यंत तिचे स्वतःचे माप दरवर्षी त्याच उपकरणाने, त्याच रीतीने घेऊन उतार दिसतो का, हे पाहणे अधिक विश्वासार्ह आहे. अचानक घट दिसल्यास, किंवा एका हाताची पकड दुसऱ्याच्या मानाने बरीच कमी झाल्यास, मानेचा मणका, मनगटातील नस, मधुमेह, संधिवात व आहार यांची तपासणी करावी. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत आकड्याशेजारी उपकरण, मुठीची खाच, हात, प्रयत्नांची संख्या, वेळ आणि कामधंदा लिहिलेला असेल, तर अशाच नोंदींतून पुढे या भागाचा स्वतःचा तक्ता उभा राहू शकतो.