मान अचानक अवघडली? गुंगीची गोळी मनाने घेऊ नका. आधी हे वाचा

बुलढाणा : सोयाबीनचं पोतं उचललं, दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप वागवला किंवा रात्री उशी चुकली, की सकाळी मान वळतच नाही. मग घरात कुणाची तरी उरलेली 'पॉवरफुल' गोळी शोधली जाते. ती ट्रामाडॉल किंवा कोडीनची असेल तर थांबा. ही मॉर्फीनच्या जातीची औषधं आहेत.

फायदा होतो का?
ऑस्ट्रेलियात ३४७ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. कंबर किंवा मान नव्याने दुखत असलेल्या निम्म्या लोकांना याच जातीची ऑक्सिकोडोनची गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. वर्षभराने मात्र औषध घेतलेल्यांमध्ये गैरवापराचा धोका जास्त दिसला. हा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

धोका काय?
गुंगी, मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठता होते. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. ट्रामाडॉलने झटकेही येऊ शकतात. गोळी घेऊन मोटरसायकल, ट्रॅक्टर चालवू नका. सवयही लागते.

कायदा काय सांगतो?
एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थ कायद्याखाली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याला ते विकता येत नाही, विक्रीची नोंदही ठेवावी लागते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, तो बघा.

मग करायचं काय?
* कोमट शेक द्या. मान हळूहळू हलवत राहा, नुसतं पडून राहू नका. साधी अवघडलेली मान बहुतेक वेळा काही दिवसांत मोकळी होते.
* साधी वेदनाशामक गोळीही विचारूनच घ्या. किडनी, बीपी, पोटात अल्सर असेल तर डायक्लोफिनॅक टाळा. काही गोळ्यांत ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं. वरून पॅरासिटामॉल घेतल्यास डोस जास्त होतो.
* कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

लगेच दवाखाना गाठा
पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखणे, ताप येऊन मान ताठ होणे, हातपायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवर ताबा न राहणे, छातीत दुखून घाम येणे. यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. अपघात असेल तर मान हलू देऊ नका.

कॅन्सरच्या किंवा ऑपरेशननंतरच्या दुखण्यात डॉक्टर ही औषधं देतात आणि ती गरजेचीही असतात. ती घेणाऱ्यांनी हे वाचून गोळी एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करावी. उरलेल्या गोळ्या मात्र शेजाऱ्याला देऊ नका. सवय लागली असेल तर लाजू नका. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.