लाल गोळीची गोष्ट परळपासून सुरू होते

सरकारी दवाखान्यातून गरोदर बायकांना मिळणारी लाल गोळी तुम्ही पाहिली असेलच. लोह आणि फॉलिक ॲसिडची. त्यातल्या फॉलिक ॲसिडचा शोध कुठून सुरू झाला, माहितीय? आपल्या मुंबईतून.

साल १९२८. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणात भयंकर पांडुरोग व्हायचा. अंगात रक्तच उरायचं नाही. कित्येकी दगावायच्या. कारण शोधायला लंडनहून डॉ. ल्युसी विल्स आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. आधी जंतूंचा संशय होता, पण तसं काही सापडेना. मग बाईंनी या बायकांच्या ताटात काय असतं ते तपासलं. आजार जास्त कुणाला? ज्या गरीब बायकांच्या जेवणात भाजीपाला, फळं, प्रथिनं जवळपास नव्हतीच, त्यांना.

उंदीर, माकडं यांच्यावर प्रयोग झाले. उतारा सापडला तो कसल्या महागड्या औषधात नाही, तर इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या यीस्टच्या अर्कात, म्हणजे मार्माइटमध्ये. त्याने बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली हे छापून आलं. अर्कातलं नेमकं काय गुण देतं ते मात्र कळायचं होतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून नाव फॉलिक.

भारत सरकारने १९७० मध्ये गोळ्यांची योजना आणली. २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ आलं. आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी. महाराष्ट्रात ५४ टक्के. आधीच्या पाहणीत आपण ४८ वर होतो. म्हणजे गोळी असूनही आपण मागे गेलो!

मागे एका शिबिराची बातमी करायला गेलो होतो. बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात गोळ्यांचं पाकीट. “ताई, जेवणात काय असतं?” असं एकीलाही कुणी विचारलं नाही. मळमळेल, शौचाला काळं होईल, घाबरू नका, हेही कुणी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. वाटलेल्या गोळ्यांचा आकडा छापला आणि मोकळा झालो.

विल्सबाईंनी शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला, तो आपण विसरलो. गोळी हवीच, पण ताटाचं काय?

म्हणून मंडळी, घरात कुणी गरोदर असेल तर एवढं करा. गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत द्या. चहा तासभर लांब ठेवा. आणि सगळ्यांचं जेवण उरकल्यावर तिच्या ताटात काय उरतं, ते आज रात्री एकदा बघा.