धारण तलाव : थोडा इतिहास, थोडा हिशेब

आपल्या सोसायटीचं हे रौप्यमहोत्सवी वर्ष. इमारतीचा इतिहास इतर मंडळी लिहीत आहेत. स्मरणिका समितीने माझ्याकडे जमिनीचा विषय दिला. बँकेत आम्हाला शिकवलं होतं, आधी तारण बघा. आपल्या सगळ्यांच्या घरांचं खरं तारण म्हणजे ही खाडीकाठची जमीन.

नवी मुंबई वसण्यापूर्वी या पट्ट्यात भातखाचरं, मिठागरं आणि खाजण होतं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध असत आणि बांधात उघाडी. भरतीला उघाडीचं दार मिटायचं, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर पडायचं. शेजारच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात ‘शिलोत्री’ पद्धत होती. शिलोत्रदाराने बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबदल्यात बिघ्यामागे ठरलेलं भात घ्यायचं. बांध फुटला तर कोणाला जाब विचारायचा, हे गावाला ठाऊक असे. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा आला, १९७९ साली दुसरा. राखणीचं काम हळूहळू सरकारी खात्याकडे गेलं.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या परिसरात नवं शहर आखलं गेलं. बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीखालची. म्हणून नाल्यांच्या मुखाशी धारण तलाव बांधले. पारसिकच्या डोंगरावरून उतरणारं पाणी भरतीच्या वेळी तिथे थांबतं, कारण झडपा मिटलेल्या असतात. ओहोटी लागली की ते खाडीत जातं. म्हणजे ही जुनी उघाडीच, फक्त सिमेंटची. फरक एवढाच, की तिला शिलोत्रदार नाही.

तलावांत गाळ साचला, त्यात कांदळवन उगवलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला राज्यभर मनाई केली, २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. हे योग्यच झालं. लाटा आणि मातीची धूप हेच झाड अडवतं. पण आता गाळ काढायलाही परवानग्यांची साखळी लागते.

पाणथळ जागांचे नियम याहून गुंतागुंतीचे. इराणमधल्या रामसर शहरी १९७१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९८२ साली सामील झाला. आपल्याकडे नियम आले २०१० मध्ये, तेव्हा सूत्रं दिल्लीकडे होती. २०१७ च्या नियमांनी ती राज्याच्या प्राधिकरणाकडे दिली. या नियमांत ‘प्रभाव क्षेत्र’ ही चांगली कल्पना आहे : फक्त तळं नव्हे, त्याला पाणी देणाऱ्या पाणलोटातल्या ज्या भागातल्या कामांनी तळं बिघडतं, तो भागही बघायचा. आपल्या बाबतीत म्हणजे थेट डोंगरापर्यंत. पण किनारा नियमनाखालच्या जागा याच नियमांतून वगळल्या आहेत. त्यामुळे खाडीकाठच्या तळ्याची तक्रार घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं, “ही आमची खिडकी नव्हे.” आपल्या कमिटीने हा अनुभव घेतलेला आहे.

देशाच्या पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरवरच्या २,३१,१९५ जागा नोंदल्या आहेत. त्यांची जागेवर जाऊन पडताळणी करा, असं सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्येही राज्यांना सांगावं लागलं. बँकवाल्याला याचं नवल नाही. फाईल कितीही जाडजूड असो, तारण जागेवर जाऊन पाहिलं नाही तर कर्ज बुडतं.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. अभिमानाची गोष्ट. पण यादीत नाव आलं म्हणून झडप आपोआप उघडत नाही.

म्हणून नव्या कमिटीला एक सुचवतो. सोसायटीत एक जाड रजिस्टर ठेवा. मृग लागण्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर अमावस्या-पौर्णिमेला कोणीतरी दोघांनी तलावावर जावं. झडप मिटते का, राडारोडा कुठे पडला, पाणी किती चढलं, हे तारीख-वेळ घालून लिहावं, फोटो काढावा. पाणथळींच्या तक्रारींसाठी न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे नुसतं “साहेब, पाणी तुंबतं” म्हणून भागत नाही. पाच वर्षांच्या तारीखवार नोंदी असल्या तर ऐकावं लागतं.

लिफ्टची देखभाल आपण दर महिन्याला तपासतो. तळमजल्याला कोरडं ठेवणारी झडप पाऊण मैलावर आहे, तीही आपलीच समजावी. पहिली फेरी माझ्याकडे लावा. गुडघे अजून तेवढे चालतात.