क्रिएटिनिन वाढलं, म्हणून लॅसिक्स बंद?

'लघवीच्या इंजेक्शनानं किडनी जाते' ही समजूत गोंदिया जिल्ह्यात सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत ऐकू येते. हृदय थकलं, पाय सुजले, फुप्फुसांत पाणी भरलं म्हणून रुग्ण दाखल होतो. लघवी वाढवणारं लॅसिक्स सुरू होतं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायचा रक्तातला आकडा, 1.2 वरून 1.6 वर गेला की नातेवाईक म्हणतात, बंद करा. काही डॉक्टरही बंद करतात, आणि माझा वाद खरा त्यांच्याशी आहे.

या मताला आधार नाही असं नाही. अमेरिका आणि कॅनडात हृदय थकलेल्या 308 रुग्णांवर झालेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या 'डोस' चाचणीत 72 तासांत क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण लॅसिक्सच्या कमी मात्रेच्या गटात 14 टक्के होते, जास्त मात्रेच्या गटात 23 टक्के. आक्षेपक इथंच थांबतात. साठाव्या दिवशी मात्र दोन्ही गटांच्या मूत्रपिंडांत म्हणावा असा फरक उरला नव्हता.

बरं, दोष औषधाचाच असेल तर औषधाविना पाणी काढल्यावर किडनी सुखरूप राहायला हवी. 2012 च्या 'कॅरेस' चाचणीत यंत्रानं रक्तातलं पाणी उपसून पाहिलं. क्रिएटिनिन यंत्राच्या गटातच वाढलं. औषधाच्या गटात जवळपास होतं तिथंच राहिलं.

मग किडनीला त्रास कशाचा? शरीरक्रियाशास्त्रज्ञ विंटन यांनी 1931 मध्येच कुत्र्याच्या मूत्रपिंडावर दाखवलं होतं की शिरेतला दाब वाढला की लघवी घटते. थकलेल्या हृदयामागं रक्त तुंबतं, ते किडनीतही तुंबतं. लॅसिक्स हा तुंबारा मोकळा करतं. म्हणून आकडा एकटा वाचू नये. सूज उतरतेय, दम कमी होतोय, रक्तदाब टिकून आहे आणि क्रिएटिनिन थोडं चढलंय, तर घाबरायचं कारण नाही. सूज तशीच आणि क्रिएटिनिन वर, ही खरी धोक्याची जोडी. तिथं मात्रा घटवणं म्हणजे उपचार अर्धवट सोडणं.

अपाय होतच नाही असं मी म्हणत नाही. सूज उतरल्यावरही मात्रा तीच ठेवली, त्यात मे महिन्याचं ऊन, तर रुग्ण कोरडा पडतो, पोटॅशियम घसरतं. आणि रोवणीत कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी? ती मीठ-पाणी अंगात अडवते आणि किडनीचा रक्तपुरवठाही आवळते. घरी तिचं नाव कुणी काढत नाही, आळ लॅसिक्सवर.