ओळ कोणी मोडली?

समजा, यवतमाळच्या एका शाळेने जिल्ह्यातील सोळा तालुक्यांचा तक्ता ई-मेलने पुसदला पाठवला. तालुका, शाळा, मुले, मुली, शिक्षक असे बरेच रकाने. पाठवताना सारे सरळ होते. पुसदला पत्र उघडले, तर मारेगावचा शेवटचा आकडा खालच्या ओळीत, झरी जामणीच्या आधी जाऊन बसलेला! एक अक्षरही बदलले नाही, पण अर्थ बदलला. पत्र पाठवणारी आज्ञावली लांब ओळ मध्येच तोडते, त्याचा हा परिणाम. पण ओळ किती लांब असावी, हे ठरवले कोणी?

त्यासाठी ई-मेलच्याही मागे जावे लागते. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ८० स्तंभांचे छिद्रपत्र (पंच कार्ड) आणले. एका स्तंभात एक अक्षर, म्हणजे एका पत्रावर ८० अक्षरे. पुढे संगणकाच्या पडद्यांनीही हाच आकडा उचलला. १९६३ चे 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे टंकयंत्र एका ओळीत ७२ अक्षरे छापत असे. ओळ संपली की त्याला दोन आज्ञा द्याव्या लागत : छापणारा भाग डावीकडे न्या आणि कागद वर सरकवा. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवले, तेव्हा अशीच यंत्रे वापरात होती. आज कागद नाही, तरी ई-मेलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याच दोन आज्ञा जातात. २००१ च्या नियमावलीनुसार ओळ ९९८ चिन्हांहून लांब असूच नये, आणि शक्यतो ७८ च्या आत असावी.

हे नियम इंग्रजी अक्षरे समोर ठेवून झाले. जुन्या टपालव्यवस्थेला फक्त १२८ चिन्हे ठाऊक होती. देवनागरीला त्यांत जागा नव्हती. १९९२ मध्ये 'माइम' नावाची पद्धत आली. तिच्या एका प्रकारात अनोळखी बाइटऐवजी तीन साधी चिन्हे पाठवतात. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे नऊ चिन्हे. 'यवतमाळ' या शब्दात काना धरून सहा घटक. त्याची ५४ चिन्हे होतात. 'यवतमाळ जिल्हा' लिहिले की शंभराच्या पुढे! या पद्धतीत ओळीची मर्यादा ७६ असल्याने हे दोन शब्दही एका ओळीत मावत नाहीत.

तरीही वाचणाऱ्याला ते अखंड दिसतात. कारण यंत्राने ओळ तोडली की शेवटी 'बरोबर'चे चिन्ह टाकले जाते : ही ओळ मी तोडली आहे, जोडून घ्या. १९९९ मध्ये साध्या मजकुरासाठीही तशीच सोय झाली. तेथे ओळीच्या शेवटची मोकळी जागा हीच खूण. मात्र सगळ्याच आज्ञावल्यांनी ती स्वीकारली नाही. म्हणून तक्ते अजून मोडतात.

खरा प्रश्न लांबीचा नाहीच. परिच्छेदातली ओळ कुठेही मोडली तरी चालते. कवितेची किंवा तक्त्याची ओळ लिहिणाराच मोडतो. या दोहोंतला फरक पत्राबरोबर पोचला पाहिजे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. चौकटीच्या वहीत दर ओळीला वीसच घरे वापरून एक कविता आणि एक परिच्छेद लिहायला सांगा. मग शेजाऱ्याने ते मूळ रूपात आणायचे. परिच्छेद जमेल, कविता अडेल. एखादी खूण हवी, असे मुलेच सुचवतील.